गळा सुजला, तोंड उघडेना



पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांचे डॉक्टर गावात येतात आणि गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचतात. दवंडी पिटावी लागत नाही. आपण आपणहून जनावरे सोडून घेऊन जातो. का बरे? कारण घटसर्प आपण डोळ्यांनी पाहिला आहे. सकाळी म्हैस वैरणीला तोंड लावत नाही. दुपारी तिचा गळा सुजतो. श्वास घरघरू लागतो. दुसऱ्या दिवशी खुंट्याला नुसता दोर उरतो. गळ्याची सूज किती लवकर जीव घेते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

पण माणसाचा गळा सुजला की आपण काय म्हणतो? "दाढ दुखतीया, त्यानं सुजलंय. उतरंल दोन दिसांत."

आज मला याच सुजेविषयी बोलायचे आहे. जनावरांचा घटसर्प माणसाला होतो असे मी म्हणत नाही. तो रोग वेगळा, हा वेगळा. माणसाच्या मानेत जी भयंकर सूज येते, तिचे मूळ बहुतेक वेळा किडलेल्या दाढेत असते. पण घाई मात्र म्हशीइतकीच करावी लागते.

दाढ कुठे, आणि गळा कुठे? या दाढेचा पू मानेत जातो कसा? हे नीट समजले तर पुढचे सगळे सोपे आहे.

जीभ वर उचला. जिभेखाली बोट लावून पाहा. मऊ जमीन लागते ना? ती जमीन म्हणजे मांसाचा एक पडदा आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला तो झोळीसारखा बांधलेला आहे. झोळीच्या वर तोंड, झोळीच्या खाली मान. आता गंमत अशी की पुढच्या दातांची मुळे या झोळीच्या वरच राहतात. तिथे पू झाला तर तो तोंडात येतो. हिरडीवर फोड येतो, फुटतो, घाण चव लागते आणि ठणका थांबतो. पण खालच्या शेवटच्या दोन दाढा, म्हणजे अक्कलदाढ आणि तिच्या आधीची, यांची मुळे लांब. ती झोळीच्या खाली उतरलेली असतात. त्यांचा पू तोंडात न येता थेट मानेत उतरतो.

आणि मानेत त्याला बाहेर पडायला वाट नसते.

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. गळू झाले की म्हणतात, "पिकू द्या. कच्चं कापू नये." पोटरीवरच्या गळवाला हे लागू पडत असेल. ते पिकते, तोंड धरते आणि फुटते. पण मानेचे तसे नाही. मानेत कातडीखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट पडदे आहेत. पू त्या पडद्यांच्या आत अडकतो. तो वर येऊन तोंड धरत नाही. वरून हात लावला तर मऊ लागत नाही, लाकडासारखे टणक लागते. आपल्याला वाटते, अजून पिकले नाही. आत मात्र त्याचे काम चालूच असते. बांध फुटला की पाणी खालच्या रानात शिरते, तसा हा पू पडद्यांमधल्या फटींतून खाली सरकतो. मानेच्या या फटी छातीपर्यंत गेलेल्या आहेत. पू छातीत उतरला, काळजाभोवती पसरला, की मोठमोठ्या दवाखान्यांनाही हार खावी लागते.

दुसरा धोका याहून जवळचा. जिभेखालची जमीन सुजली की जीभ वर उचलली जाते आणि मागे ढकलली जाते. मागे काय आहे? श्वासाची वाट. ती बंद झाली की माणूस गुदमरतो. पुवाने मरायला दिवस लागतात, श्वास कोंडून मरायला थोडी मिनिटे पुरतात.

म्हणून या रोगात सूज केवढी आहे ते पाहत बसू नका. तोंड पाहा. माणसाला म्हणा, "आ कर." स्वतःची दोन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नाहीत, इतके तोंड आखडले असेल तर ती धोक्याची खूण. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्षानुवर्षे सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंडही उघडत नाही. पण ते हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने मिटत जाते. (त्याचीही तपासणी हवीच, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.) परवा भाकरी खाणारा माणूस आज तोंड उघडू शकत नाही, तर ते दुखणे निराळे.

मग म्हणा, "जीभ बाहेर काढ." येत नसेल, जीभ टाळ्याकडे उचललेली दिसत असेल, जिभेखालचा भाग फुगून दातांच्या वर आला असेल, तर वेळ घालवू नका. आवाज ऐका. तोंडात गरम घास धरून बोलावे तसा आवाज येतो. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. हनुवटीखाली, बहुधा दोन्ही बाजूंनी, टणक सूज असते. ताप असतो, थंडी वाजते. असा माणूस आडवा झोपायला तयार होत नाही. पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसतो. त्याला झोपवू नका! तो आपला श्वास सांभाळतो आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ऊसतोडीचा हंगाम आहे. बीडकडचे एक जोडपे साखर कारखान्याच्या फडावर कोयता चालवते आहे. मुकादमाकडून उचल घेतली आहे. एका दिवसाचा खाडा म्हणजे पैसे कापले जाणार. बाईची दाढ दुखते. पहिल्या दिवशी ती मिश्री लावते. मिश्रीने ठणका मेल्यासारखा वाटतो, म्हणून पुन्हा लावते. दुसऱ्या दिवशी दुकानातून दुखण्याची गोळी आणते. गोळीने ताप उतरतो, ती मोळ्या वाहते. तिसऱ्या दिवशी जबड्याखाली सूज येते. कुणीतरी सांगतो, विटेने शेक. कुणी सांगतो, बिब्बा घाल. चौथ्या दिवशी जवळच्या वस्तीवरचा 'डॉक्टर' एक सुई टोचतो. संध्याकाळी सूज कमी वाटते. सगळे म्हणतात, हाताला गुण आहे. पाचव्या रात्री तिला श्वास घेता येत नाही.

या गोष्टीत चुकले कुठे? लोक म्हणतील, पाचव्या रात्री गाडी मिळाली नाही, तिथे. मला तसे वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सूज जबड्याखाली उतरली, तेव्हाच निघायला हवे होते. दाढ दुखते आहे तोवर दातांचा डॉक्टर पुरे. सूज जबड्याच्या खाली मानेत आली, की ते दाढेचे दुखणे राहिले नाही.

आणि ती सुई? कित्येकदा अशा सुईत स्टेरॉइड नावाचे औषध असते. त्याने सूज काही वेळ बसल्यासारखी वाटते, पण शरीराची रोगाशी झुंजायची ताकदही बसते. मोठ्या दवाखान्यात नेमून, मोजून देतात तेव्हा त्याच औषधाचा उपयोग होतो. वस्तीवर, न तपासता, एकट्याने दिले तर ते आगीवर पांघरूण टाकण्यासारखे आहे. दुखण्याच्या गोळीचेही तसेच. दुखणे थांबले म्हणजे पू थांबला असे नव्हे.

डाग देणे, बिब्बा घालणे, ब्लेडने टोचणे, तेल लावून चोळणे, हे मानेवर कधीच करू नका. चोळण्याने पू पसरतो. भाजल्याने कातडी जाते आणि डॉक्टरला खालची सूज ओळखता येत नाही.

कधी कधी या रोगाचा त्याहून वाईट प्रकार होतो. त्यात मांस सडत जाते. सुरुवातीला वरून फारसे दिसत नाही, पण माणूस वेदनेने तळमळतो. दिसते थोडे आणि दुखते फार, ही त्याची खूण. मग कातडी निळी-काळी पडते, पाण्याचे फोड येतात. बोटाने दाबले तर आत चुरमुरे दाबल्यासारखे करकरते, कारण आत वायू झालेला असतो. हे तासातासाने पसरते. मेलेले मांस कापून काढणे हाच त्यावर उपाय आहे. बहुधा एकदा कापून भागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा कापावे लागते. जखम पाहून घरची माणसे घाबरतात. घाबरण्यासारखीच ती असते. पण जखम स्वच्छ झाल्यावर मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावता येते.

मधुमेह असणाऱ्यांना हे दोन्ही प्रकार जास्त होतात आणि जास्त जड जातात. रक्तात साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. आपल्याला साखरेचा आजार आहे, हे कित्येकांना मान सुजून दवाखान्यात गेल्यावरच कळते. तुम्हाला साखर असेल तर डॉक्टरने विचारण्याची वाट पाहू नका, आधीच सांगा. पूर्वी पेनिसिलिन किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल, धाप लागली असेल, तर तेही सांगा.

घरात गरोदर बाई असेल तर म्हणतात, "आता दाढेला हात लावू नका, बाळाला धक्का बसेल." हे खरे नाही. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. डॉक्टरला महिना सांगितला म्हणजे झाले. दाढेतला पू तसाच ठेवणे हेच आई आणि बाळ दोघांना धोक्याचे आहे.

लहान मुलांत कारण बहुधा दाढ नसते. घशातल्या गाठींच्या मागे किंवा घशाच्या मागच्या भिंतीत पू होतो. मूल मान ताठ धरते, वळवत नाही. दूध-पाणी घेत नाही, लाळ गाळते, तापाने फणफणते. घसा बघायचा म्हणून त्याच्या तोंडात चमचा घालू नका, मूल रडून श्वास अडकेल. त्याला मांडीवर बसते धरून न्या. कोकणातल्या माणसांना आणखी एक सांगतो. माशाचा काटा घशात टोचला आणि दोन दिवसांनी ताप येऊन मान दुखू लागली, तर काटा गेला असे समजू नका. त्याच्या मागे पू होतो.

मानेची प्रत्येक सूज अशी नसते, हेही खरे. गालगुंडात कानाच्या पुढे-खाली सूज येते. बहुधा मुलांना येते, आणि वाडीतल्या आणखी मुलांनाही आलेली असते. गंडमाळेची गाठ महिनोन्‌महिने राहते, फार दुखत नाही. तिच्यासाठी क्षयाची तपासणी करतात, आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत न दुखणारी गाठ तीन आठवडे राहिली, तर कर्करोगाची तपासणी हवी. या सगळ्यांना दवाखाना लागतोच, पण रात्रीच्या रात्री धावावे लागत नाही. तोंड आखडले, गिळता येईना, आवाज बदलला, तर मात्र रात्रीच निघा.

निघायचे कसे? १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ सालापासून फुकट मिळते. फोनवर "दाढ सुजली" असे म्हणू नका. "मान सुजली आहे, गिळता येत नाही, श्वास अडकतो आहे" असे सांगा. गाडीत माणसाला बसते ठेवा. गिळता येत नसेल तर पाणी, चहा, गोळी काही घालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेवर असेल तर तिथे पहिले इंजेक्शन मिळू शकेल, पण तिथे मुक्काम करू नका. जिथे भूल देणारे डॉक्टर आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत अशा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचायचे आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या. पण कागद सापडत नाहीत म्हणून थांबू नका. कागद मागून कुणीही आणून देईल.

तिथे गेल्यावर डॉक्टर पहिल्याने श्वास सांभाळतात. मग शिरेतून जंतुनाशक औषध सुरू करतात. साखर तपासतात. पू कुठवर गेला ते पाहायला स्कॅन काढतात. पू असेल तर, किंवा औषधाने सूज हटत नसेल तर, मानेला चिरा घेऊन वाट करून देतात आणि तिथे रबराची नळी ठेवतात. खराब दाढ काढतात. जिथे पू साठलेला आहे तिथे रक्त पोचत नाही, आणि रक्त नाही तिथे औषध कसे पोचणार? म्हणून नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर असला पू जात नाही.

आता जिथे खरी अडचण होते तिथे येतो. डॉक्टर म्हणतात, "श्वास बंद होऊ शकतो. गळ्याला खाली भोक पाडून नळी घालावी लागेल. सही करा." आणि घरची माणसे सुन्न होतात. गळ्याला भोक! मुलगा म्हणतो, वडिलांना विचारतो. वडील म्हणतात, मोठे भाऊ येऊ देत. मोठे भाऊ एसटीत असतात. बाईमाणूस आजारी असेल तर सासर आणि माहेर दोघांचे एकमत व्हावे लागते. इकडे रोग्याचे ओठ निळे पडू लागतात.

तर ही नळी काय आहे ते आजच समजून घ्या. कंठाच्या गाठीखाली श्वासनळीत एक लहान भोक पाडतात. त्यातून नळी बसवतात. वरची वाट सुजेने बंद झाली तरी हवा खालून आत जाते. विहिरीची वरची वाट ढासळली तर आपण बाजूने चर खणतोच ना? नळी असेपर्यंत आवाज निघत नाही, कारण हवा आवाजाच्या जागेच्या खालूनच ये-जा करते. माणूस मुका झाला असे समजून रडू नका. त्याच्या हाती पाटी-पेन्सिल द्या. लिहिता येऊ लागले आहे, त्याचा असाही उपयोग होईल. सूज ओसरली की नळी काढतात. भोक बहुधा आपोआप मिटते आणि आवाज परत येतो. गळ्यावर एक वण राहतो, इतकेच. घरात आजच ठरवून ठेवा की अशा वेळी जो बरोबर असेल त्याने सही करायची.

औषधे नव्हती तेव्हा काय होत असे? जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी लुडविग नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८३६ साली या दुखण्याचे वर्णन लिहून ठेवले. आजही डॉक्टर लोक ते त्यांच्याच नावाने ओळखतात. त्या काळी शंभर रोग्यांतले पन्नासाहून अधिक दगावत. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलिन बनवण्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. औषधे, भुलीचे ज्ञान आणि शस्त्रक्रिया सुधारल्या. आज वेळेवर पोचलेल्या शंभरांतले नव्वदांहून अधिक वाचतात. पण 'वेळेवर' हा शब्द डॉक्टरच्या हातात नाही. तो आपल्या हातात आहे.

घरी सोडल्यावर औषध सांगितले तितके दिवस घ्या. बरे वाटले म्हणून चार गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या दाढदुखीला वापरू नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तोंड आखडलेले असते, म्हणून डॉक्टर उघडण्याचा व्यायाम सांगतील. तो दुखला तरी करा.

आणि दाढ. भोक पडले, थंड पाणी झोंबू लागले, तेव्हाच ती दाखवली तर भरून मिळते. त्यात मानेला चिरा नाही, नळी नाही, खाडाही एकच. बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. ते रोज असतीलच असे नाही. म्हणून आज ज्यांच्या दाढेत भोक आहे त्यांनी थोडे थांबा. तालुक्याला दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते फळ्यावर लिहून देतो. आपापल्या वहीत उतरवून घ्या.